पैसे भरून धावायचं?

मॅरेथॉन धावून आलो असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कितवा आलास?"

ऑफिसात मॅनेजरने विचारला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारला, इस्त्रीवाल्यानेही विचारला. नंबर चार आकडी आहे असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि मग तो आपलीच समजूत काढायला लागतो. "असू दे रे, भाग घेणं महत्त्वाचं." दुसरा प्रश्न जरा जाणकारांचा. "किती किलोमीटरची होती ही मॅरेथॉन?" आता मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच. मुंबईची असो नाहीतर बर्लिनची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत जेवढं अंतर भरलं तेवढं धावपटूंना पळवलं, आणि १९२१ मध्ये तोच आकडा कायमचा करून टाकला. कोणा एका क्लायंटच्या सोयीसाठी कोडमध्ये हार्डकोड केलेली किंमत, आणि शंभर वर्षं झाली तरी हात लावायची कोणाची हिंमत नाही. आपल्या लाइनमधल्या लोकांना हे लगेच पटेल :)

तिसरा प्रश्न आमच्या घरचा. बाबांचा.

"पैसे भरून धावायचं?"

बाबांनी एकतीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं. (त्यांच्यासाठी ते अजूनही व्हीटीच आहे.) फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स. सकाळची ८:०३ ची फास्ट. "आम्ही रोज धावलो, दोन्ही वेळेला, हातात डबा आणि छत्री घेऊन. पासाच्या पैशात. आम्हाला कोणी मेडल नाही घातलं." यावर काय बोलणार? मुद्दा बिनतोड आहे.

तर मी २०२५ ची मुंबई मॅरेथॉन धावलो, १९ जानेवारीची. पूर्ण, म्हणजे ४२ वाली. त्याबद्दल लिहायचं म्हणतोय केव्हापासून, पण दर शनिवारी काहीतरी प्रॉडक्शनला कोसळतं. आज नशिबाने ऑन-कॉल दुसऱ्याकडे आहे.

पण आधी २०१९ चा मार्च सांगायला हवा, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

मार्च म्हणजे इयर एंडिंग. बाबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. एका सोमवारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. "गॅस झालाय" म्हणून इनो घेतला आणि ८:०३ पकडली. मंगळवारी पुन्हा दुखलं, पुन्हा इनो, पुन्हा ८:०३. डोंबिवली स्टेशनचा पूल ज्यांनी सकाळी आठला चढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे आपण चढत नसतो, गर्दी आपल्याला चढवते. व्हीटीपर्यंत उभ्याने गेले, दिवसभर काम केलं, परत आले, आंघोळ केली, आणि मग आईला म्हणाले, "जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ." कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि आमच्याशी एक अक्षर न बोलता आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. दोन स्टेंट. पण दोन दिवस उशीर झाल्यामुळे हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला, तो झालाच.

नंतर कितीतरी महिने बाबा भेटायला येणाऱ्यांना हे कौतुकाने सांगायचे. "दोन दिवस अंगावर काढलं, पण गाडी चुकवली नाही." ऐकणारेही मान डोलवायचे. मला ते ऐकवत नसे. पण खरं सांगायचं तर मुंबईत या गोष्टीचं कौतुकच होतं. पाऊस आला तरी गेले, बंद होता तरी गेले, ताप होता तरी गेले. शरीर काय सांगतंय ते न ऐकणं म्हणजे आपल्याकडे हिंमत.

बाबांच्या डॉक्टरांनी तेव्हा माझ्याकडे बघून सहज म्हटलं होतं, "तूही सांभाळ हो. घरात आहे हे आता." मी बावीस वर्षांचा, कॅम्पसमधून नुकतीच नोकरी लागलेली, रोज रात्री अकराला वडापाव. ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलंच.

मग धावायला लागलो. एकदम ४२ नाही, अर्थात. आधी जिमखान्याच्या ग्राउंडला दोन फेऱ्या आणि धाप. मग ठाकुर्लीचा ९० फुटी रस्ता, पहाटे पाच वाजता, दूधवाले, पेपरवाले आणि कुत्री. (कुत्र्यांवर एक स्वतंत्र लेख होईल. नाइकी बघून भुंकतात, स्लिपर बघून भुंकत नाहीत, एवढंच आज सांगतो.) दहा किलोमीटर झाले, २१ झाले. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला आधीच्या शर्यतीच्या वेळेचं सर्टिफिकेट लागतं, ते जमवलं. आणि सोळा आठवड्यांचा प्लॅन एक्सेलमध्ये टाकून फ्रिजवर लावला.

आईने तो प्लॅन वाचला आणि दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पहिला माणूस धावला होता ना, त्याचं काय झालं ठाऊक आहे ना?"

फेडिपिडीस. मॅरेथॉनच्या रणांगणापासून अथेन्सपर्यंत धावला, "आपण जिंकलो" म्हणाला आणि कोसळला. मी आईला सांगायचा प्रयत्न केला की हेरोडोटसने ही मरायची गोष्ट लिहिलेलीच नाही, त्याने लिहिलंय ते लढाईआधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावल्याचं. कोसळण्याचा भाग काही शतकांनंतरच्या लेखकांचा. पण आईला हेरोडोटसशी काही देणंघेणं नव्हतं. तिने २०२० ची बातमी काढली. त्या वर्षीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ६४ वर्षांचे एक गृहस्थ हृदयविकाराने गेले होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. बाबांच्याच डॉक्टरांकडे जायचं, ते हो म्हणाले तर धावायचं.

डॉक्टरांनी टू-डी एको केला, लिपिड प्रोफाइल केलं, आणि टीएमटी, म्हणजे छातीला वायरी लावून ट्रेडमिलवर चढावर पळवतात ती. बाबा सोबत आले होते. काचेपलीकडून मला धावताना बघत होते. सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, "धाव. पण रिपोर्ट आजचा आहे, त्या दिवशीचा नाही. त्या दिवशी काही वाटलं तर थांबायचं. कळलं?" कळलं म्हटलं. बाबा काहीच बोलले नाहीत.

त्या सोळा आठवड्यांत मी धावायला किती शिकलो माहीत नाही, पण दुखणी ओळखायला शिकलो. हे कोणी आधी सांगत नाही. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखतं ते वेगळं, टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखते ते वेगळं, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते ती आयटी बँडची. (आयटीतल्या माणसाला आयटी बँडच दुखणार, हा विनोद आमच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला होतो.) काही दुखणी पहिल्या दोन किलोमीटरात येतात आणि जातात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. काही दर पावलागणिक वाढत जातात, तिथे मुकाट्याने रिक्षा करायची. लॉग वाचण्यासारखंच आहे हे. हजार वॉर्निंग असतात, त्यातली एक खरी असते, आणि ती कोणती हे कळायला आधीचे नऊशे नव्याण्णव वाचलेले लागतात.

दुसरा हिशेब इंधनाचा. ढोबळमानाने माणूस धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी जाळतो. माझं वजन ७० किलो, म्हणजे ४२ किलोमीटरला साधारण २,९५० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन साठवतात ते साधारण २,००० कॅलरींचं. चरबी अंगात हवी तेवढी असते, माझ्या तर हवी त्याहून जास्त, पण ती डिस्कसारखी, वाचायला वेळ लागतो. ग्लायकोजेन म्हणजे रॅम. ती तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपते आणि पाय अचानक दुसऱ्याच कोणाचे तरी होतात. त्याला भिंत म्हणतात. म्हणून वाटेत सारखं काहीतरी पोटात ढकलायचं, जेल, खजूर, केळं. मी जेलसोबत खजूर ठेवले होते. आईने बिया काढून, प्लॅस्टिकच्या छोट्या पुड्या करून दिले होते. बोलली नव्हती काही, पण पुड्या केल्या होत्या.

टार्गेट साडेचार तास. किलोमीटरला ६ मिनिटं २३ सेकंद. कशासाठी साडेचार? काही नाही, गोल आकडा. पण सोळा आठवडे फ्रिजवर लावलेला गोल आकडा हळूहळू पवित्र होतो.

त्या पहाटे धावणाऱ्यांसाठी कल्याणहून तीनच्या सुमारास खास लोकल असते. आयुष्यात पहिल्यांदा डोंबिवलीला ट्रेनमध्ये सगळे शॉर्ट्समध्ये, सगळ्यांच्या छातीवर नंबर, आणि डब्यात घामाच्या ऐवजी मूव्हचा वास. एक काका चौथ्या सीटवर बसून केळं खात होते. चौथी सीट मात्र चौथीच, ती मॅरेथॉनच्या दिवशीही बदलत नाही.

पाच वाजता सीएसएमटीसमोरून सुटलो. पहिले दहा किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत. अंधार, फाउंटन, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्हचे दिवे, सगळे खुशीत. पेडर रोड चढलो तेही कळलं नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. बाबांनी एकतीस वर्षं व्हीटी ते ऑफिस जो रस्ता तुडवला, त्याच्या मधोमध, डिव्हायडरच्या बाजूने, एकही गाडी नसताना धावायला फार विचित्र वाटतं. चोरून कोणाच्या तरी घरात शिरल्यासारखं.

सी लिंकवर पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. ५.६ किलोमीटरचा हा पूल २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यावर एरवी पायी चालणाऱ्याला बंदी आहे, दुचाकीलाही. या एका सकाळी चालतं. केबलच्या मधून पूर्वेचं आभाळ आधी राखाडी, मग गाजराच्या रंगाचं झालं, आणि खाली कोळ्यांच्या होड्या. फोटो काढणाऱ्यांनी अर्धा रस्ता अडवला होता. मी पण काढला एक, धावता धावता. हलला आहे.

वांद्र्याला अर्धं अंतर झालं आणि ऊन आलं. मुंबईच्या जानेवारीची थंडी ही सकाळी सातपर्यंतची अफवा असते. आणि खरा त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही की अंग थंड होत नाही. माहीमपासून पुढे मात्र लोकांनी सांभाळलं. ही या शर्यतीची खरी कमाई. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी... बायका गाऊनवर ओढणी घेऊन गॅलरीत, आजोबा खुर्ची टाकून फूटपाथवर, लहान पोरं हातात संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मिठाच्या गोळ्या घेऊन. एका ठिकाणी ढोल-ताशा. कोणी कोणाला ओळखत नाही. एका पाच वर्षांच्या मुलीने मला चिक्की दिली आणि जोरात ओरडली, "कम ऑन अंकल!" वय वर्षं अठ्ठावीस. चिक्की घेतली, अपमान गिळला.

तीस किलोमीटरला घड्याळ म्हणत होतं ३ तास ११ मिनिटं. सगळं प्लॅनप्रमाणे.

हाजी अली मागे पडलं की पेडर रोडचा चढ पुन्हा येतो. तोच चढ, जो जाताना कळलाही नव्हता. आता तो पस्तिसाव्या किलोमीटरला येतो, हा या रस्त्याचा सगळा दुष्टपणा. कागदावर त्याचं नाव गोपाळराव देशमुख मार्ग. 

चढाच्या पायथ्याला माझ्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं.

आधी वाटलं वात आला. चार पावलं गेलो. मग छातीत आवळल्यासारखं झालं. घड्याळ बघितलं, ठोके १७४. माझे एरवी या वेगाला १५८-१६० असतात. आता यात इंजिनीअरचं डोकं चालायला लागतं. एक, उन्हात घामाने रक्तातलं पाणी कमी झालं की प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय ठोके वाढवून ते भरून काढतं. लांबच्या शर्यतीत हे होतंच. दोन, मनगटावरचं सेन्सर प्रकाशाने ठोके मोजतं आणि कधीकधी गोंधळून ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. दुसरी स्क्रीन बघितली, पावलं मिनिटाला १७४. म्हणजे आकडा खोटा असू शकतो. तीन... तीन नंबरचा विचार मला करायचा नव्हता. वात. गॅस. इनो.

समोर एक मुलगा इंग्रजी फलक घेऊन उभा होता, दुखणं तात्पुरतं असतं अशा अर्थाचा. लोक ओरडत होते, "थांबू नका! थांबू नका!" चांगल्या मनाने ओरडत होते. शेजारून एक जण दात-ओठ खात लंगडत गेला आणि त्याच्यासाठी जोरात टाळ्या पडल्या. आणि माझ्या डोक्यात तो साडेचारचा आकडा. आत्ता थांबलो तर गेला. फक्त सात किलोमीटर राहिले आहेत, पस्तीस झालेत, आजचा दिवस काढू, उद्या बघू.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मार्च महिन्यात, आमच्या स्वयंपाकघरात.

थांबलो. मानेवर दोन बोटं ठेवून घड्याळात पंधरा सेकंद मोजले, ४२. म्हणजे १६८. घड्याळ थोडं खोटं बोलत होतं, फार नाही. जरा मागे मेडिकल पॉइंटचा मांडव दिसला होता. उलटं चालत गेलो. मॅरेथॉनमध्ये उलट्या दिशेने चालताना लोक ज्या नजरेने बघतात ती नजर आयुष्यभर लक्षात राहील.

मांडवात एक तरुण डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या असतील, बहुधा रात्रभर ड्यूटी करून आलेल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर बिब उलटा करून मागची बाजू वाचली. तिथे आणीबाणीचा फोन नंबर आणि आजारपणाची माहिती लिहायची असते. मी लिहिलं होतं, 'वडिलांना हृदयविकार, २०१९'. आणि फोन नंबरही त्यांचाच.

"कुठे दुखतंय? बोट ठेवून दाखवा." दाखवलं. त्यांनी तिथे दाबलं. मी ओरडलो. "दाबल्यावर जास्त दुखतं? खोल श्वास घ्या. वाढलं? खांद्यात, हातात, जबड्यात काही? डोळ्यांपुढे अंधारी? छातीत काहीतरी जड ठेवल्यासारखं?" नाही, नाही, नाही. बोटाला क्लिप लावली, ब्लड प्रेशर घेतलं, शेवटचा टीएमटी कधी केला ते विचारलं. मिठाचं पाणी दिलं आणि घोट घोट प्यायला सांगितलं, गटागटा नाही. या वेळी नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन वेगळंच संकट उभं राहतं म्हणे. पाच मिनिटं बसवून ठेवलं. आवळल्यासारखं वाटत होतं ते हळूहळू सुटलं. बरगडीखालचं राहिलं, पण आता ते एका ठिकाणी होतं, बोट ठेवता येईल असं.

"बरगडीच्या स्नायूंचं वाटतंय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं ठीक आहे. इथेच सोडायचं असेल तर बस आहे. जायचंच असेल तर चढ चालत जा, धावू नका. वर पोचल्यावर काही नसेल तर सावकाश पळा. परत आलं तर पुढच्या पॉइंटला हात वर करा. बसमध्ये बसायची लाज वाटू देऊ नका, तिथे चांगले चांगले बसलेत."

सात मिनिटं गेली होती. साडेचार गेले. गंमत म्हणजे, जाताना मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट नंतर वाटलं, दोन दिवसांनी, ऑफिसात सर्टिफिकेट डाउनलोड करताना. ते अजूनही वाटतं कधीकधी, उगाच का खोटं बोला.

पेडर रोड मी चालत चढलो. सावकाश, हात कमरेवर ठेवून, जसलोकच्या समोरून, प्रभुकुंजच्या समोरून. लोक म्हणत होते, "पळा, पळा, थोडंच राहिलंय!" मी हसून हात करत होतो. वर पोचलो, मोजले, १३८. मग उतारावर हळूहळू पळायला लागलो. बरगडी कुरकुरत होती, तिला कुरकुरू दिलं.

मरीन ड्राइव्हला मागून गाड्यांचा आवाज आला आणि बाजूने पुढारलेले एलिट धावपटू गेले. ते आमच्यानंतर दोन तास वीस मिनिटांनी सुटले होते. पावलांचा आवाजच नाही. त्या दिवशी पहिला आलेला एरिट्रियाचा बेरहाने टेस्फाय, वेळ २:११:४४. तेवढ्या वेळात मी वांद्र्यालाही पोचलो नव्हतो. माझ्या शेजारचे एक सरदारजी त्यांना बघून म्हणाले, "ये लोग और हम एक ही रेस में हैं, मतलब बताओ!" शेवटच्या तीन किलोमीटरांत माझ्याकडे सांगण्यासारखी एवढीच गोष्ट आहे. बाकी ऊन आणि डांबर.

४ तास ४७ मिनिटं. गळ्यात मेडल, हातात खाऊची पिशवी.

बाबा व्हीटीला येणार होते, आईने पाठवलं होतं. "मेन इंडिकेटरखाली उभा असेन," एवढाच मेसेज. आझाद मैदानाकडून स्टेशनला जायचं तर सबवे, आणि सबवे म्हणजे जिने. ४२ किलोमीटरनंतर जिना चढता येतो, उतरता येत नाही. मी रेलिंग धरून उलटा उतरलो. माझ्या शेजारी आणखी चार जण, सगळ्यांच्या गळ्यात मेडल, सगळे उलटे.

बाबा उभे होते, हातात फोन. अ‍ॅपवर धावपटूचा नंबर टाकला की ठरावीक चटयांवरून तो कधी गेला ते दिसतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मला वाटलं मेडल बघतील. त्यांनी ते बघितलं नाही.

"पस्तीसनंतर काय झालं? चाळीसचा आकडा येईचना."

सांगितलं. दुखलं, मांडव, डॉक्टर, चालत गेलो. किती वेळ थांबलास, विचारलं. सात मिनिटं म्हटलं. त्यांनी फोन खिशात ठेवला. समोरून एक गाडी रिकामी होत होती, तिकडे बघत राहिले बराच वेळ. आणि मग जी गोष्ट त्यांनी सहा वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती, ती सांगितली, अगदी सहज, पाऊस येईल वाटतं म्हणावं तशी.

"मंगळवारी मी पण बसलो होतो. आपल्या पुलावर, वरच्या पायरीवर. दोन मिनिटं असेल. माणसं अंगावरून जात होती. मग ८:०३ येताना दिसली, म्हणून उठलो."

मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो?

रविवार, त्यामुळे मेगाब्लॉकच्या घोषणेकडे दोघांचेही कान. इंडिकेटरवर चार मिनिटांत फास्ट लागली होती, आणि नऊ मिनिटांनी कल्याण स्लो. मी सवयीने फास्टच्या प्लॅटफॉर्मकडे वळलो. म्हणजे वळायचा प्रयत्न केला, पाय ऐकत नव्हते.

"स्लोने जाऊ," बाबा म्हणाले. "घाई काय आहे."

खिडकीच्या दोन समोरासमोरच्या सीट मिळाल्या. आईच्या खजुरांची एक पुडी खिशात तशीच राहिली होती, चपटी झालेली. ती आम्ही भायखळ्यापर्यंत संपवली. मग बाबांनी माझ्या गळ्यातलं मेडल हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "हे किती पैशाला पडलं म्हणालास?"